अकरा झाडांची साक्ष

कुंदा, परवा तुझ्या विभागातून फोन आला. तुझ्या आठवणींचा एक छोटा अंक काढताहेत. मला दोन पानं मागितली आणि विषयही देऊन टाकला, ‘कुंदाताईंच्या संशोधनाचा समाजाला झालेला उपयोग’. बोलणाऱ्या बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, “तुम्ही दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत गावोगाव फिरलात, तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?” मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि दुकानाच्या ओट्यावर बसून इतकी रडले की मीठ घ्यायला आलेली बाई मीठ न घेताच परत गेली.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. उपयोग झाला की नाही हे मला अजून ठाऊक नाही. ते येत्या गुरुवारी कळेल. म्हणून हे त्यांना नाही, तुला लिहितेय. त्यांना छापायचं तर छापोत.

पहिल्यांदा तू दिसलीस ती अब्बांच्या दुकानात, एटापल्लीला. मी एका म्हाताऱ्याशी त्यानं आणलेल्या ओल्या चारोळीवरून माडियात भांडत होते आणि तू वही छातीशी धरून दारात उभी होतीस. म्हातारा गेल्यावर म्हणालीस, “तुमाले इतकी चांगली माडिया येते? मले शिकवता का?” मूलकडची, धान पिकवणाऱ्या घरची पोर, समाजशास्त्रात पीएच.डी. करायला निघालेली, आणि भाषा शिकायला आली कुठे, तर मुसलमानाच्या किराणा दुकानात. मी म्हटलं, शिकायला दहा वर्षं लागतील, त्यापेक्षा मीच येते सोबत. अब्बांनी तराजूवरून नजर काढली नाही, पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. आमच्या घरात यालाच परवानगी म्हणतात.

तुझी ती पहिली प्रश्नावली आठवते? ‘आपले कुटुंब जंगलावर किती प्रमाणात अवलंबून आहे? पूर्णतः, अंशतः, अजिबात नाही.’ मी म्हटलं, हे मी विचारणार नाही, लोक हसतील. तू म्हणालीस, विचारावंच लागते, गाइडनं मंजूर केलं आहे. मी विचारलं. लोक हसले. एका म्हातारीनं तर इतकी कीव केली तुझी, की आत जाऊन आंबिलीनं भरलेला वाळका भोपळा घेऊन आली आणि म्हणाली, हिला आधी काही खाऊ घाला. दुसऱ्या दिवशी तू प्रश्नावली पिशवीतच ठेवलीस आणि बायकांबरोबर मोहफुलं वेचायला गेलीस. चार दिवसांत कंबर धरून बसलीस, पण पाचव्या दिवशी लोक आपणहून बोलायला लागले.

एक उपयोग मी तेव्हाच पाहिला होता, त्याची नोंद तुझ्या प्रबंधात नाही. तू म्हाताऱ्यांना विचारायचीस, मी भाषांतर करायचे, आणि आजूबाजूला नातवंडं जमायची. आपल्या आज्यानं हा डोंगर कसा राखला, वणवा कसा अडवला, कोणत्या झाडाला कधी हात लावायचा नाही, हे त्या पोरांनी पहिल्यांदा ऐकलं ते आपल्यामुळे. घरात कोणी विचारलंच नव्हतं. मुंबई-पुण्याकडची माणसं याला काय म्हणतात मला माहीत नाही. मला ते बघून बरं वाटायचं.

अकरा जणांच्या लांब मुलाखती झाल्या, आणि मग तू त्यांची नावं काढून टाकलीस. गावाचं नावसुद्धा काढलंस. इतकं जुनं गाव आणि प्रबंधात त्याचं नाव काय, तर ‘गाव अ’. माणसांना तू झाडांची नावं दिलीस. मोह, तेंदू, हिरडा, बेहडा, धावडा, कुसुम, ऐन. साग मात्र कोणालाच दिला नाहीस. विचारलं तर म्हणालीस, “साग सरकारचा, आलापल्लीच्या डेपोचा. त्याच्यावर पह्यलेच शिक्के आहेत.” नुसती नावंच नाही, कुणाचं वय बदललंस, कुणाची घरची माणसं बदललीस, ओळख पटू नये म्हणून जे जे करता येईल ते केलंस. कारण मला कळत होतं. आपल्या या भागात बाहेरच्या माणसाशी कोण काय बोललं, याची विचारपूस दोन्ही बाजूंच्या बंदूकवाल्यांकडून होते. तू प्रत्येकाच्या दारात बसून शब्द दिला होतास, तुमचं नाव कुठंच येणार नाही. तो शब्द माडियात माझ्याच तोंडून गेला होता.

त्यातही ऐन वेगळा. त्या गावात दर तीन वर्षांनी पुरुषमंडळी गावाची शीव फिरायची. एकेका खुणेपाशी थांबायचं, हात लावायचा, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. कुठे दगड, कुठे झाड, कुठे ओढ्याचं वळण. बायकांनी त्या वाटेला पाऊलही टाकायचं नाही, असा नियम. पुढे जंगलात घोळक्यानं फिरणाऱ्या माणसांकडे कोण कोणत्या नजरेनं बघेल याची भीती बसली आणि शीव फिरणं बंद पडलं. म्हातारे एकेक करून गेले. टेकडीच्या अलीकडच्या खुणा सगळ्यांना ठाऊक होत्या, पलीकडच्या फक्त ऐनाला. त्यानं तुला सतराच्या सतरा खुणा सांगितल्या. तुझ्या प्रबंधात त्या जशाच्या तशा आहेत, आणि वर लिहिलंय, ‘ऐन, पुरुष, वय अंदाजे पासष्ट’.

पदवी मिळाली तेव्हा तू पेढे घेऊन एटापल्लीला आलीस. पेढ्यांच्या खोक्याखाली एक घडी घातलेला कागद होता. कोणतं झाड म्हणजे कोणता माणूस, त्याची यादी. विद्यापीठाचा नियम होता, काम संपलं की ती नष्ट करायची. मुलाखतींचं रेकॉर्डिंग तू आदल्या दिवशीच पुसून आली होतीस. मी म्हटलं, “अगं, ठेव कुठंतरी. माणसं आहेत ती. उद्या लागली तर?” तू म्हणालीस, “उद्या कोणाले त्रास झाला तर, रेहाना? ह्या कागदासाठी कोणाच्या घरी कोणी गेलं तर तू झोपशीन का?” तू नियमाची पक्की. तुझ्या बापाच्या धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा वाकडा झाला तर पुन्हा उपटून लावायचे म्हणे. माझ्या चुलीपाशी उकिडवी बसलीस आणि कागद पेटवलास. काडीपेटी मीच दिली, माझ्याच दुकानातली. त्याच चुलीवर चहा झाला आणि आपण पेढे खाल्ले.

मागच्या महिन्यात लालसू दुकानात आला. तुला तो आठवेल, तेव्हा तुझ्या मागंमागं फिरून म्हाताऱ्यांना गोळा करायचा. आता गावच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष आहे. हातात नोटीस. गावानं जंगलावरचा सामूहिक हक्क मागितलाय, त्याची सुनावणी. टेकडीपलीकडचं जंगल पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वहिवाटीत आहे याचा पुरावा द्या, नाहीतर तेवढं वगळून दावा मंजूर करू. टेकडीपलीकडेच सगळं आहे ना, कुंदा. तेंदू तिकडे, बांबू तिकडे, उन्हाळ्यात न आटणारा एकमेव ओढा तिकडे. अलीकडे आहेत ती फक्त घरं आणि दगड.

लालसूनं तुझ्या प्रबंधाची झेरॉक्स आधीच नेऊन दाखवली होती. विद्यापीठाचा अभ्यास म्हणजे पुरावा चालतो असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. सुनावणीच्या साहेबांनी पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, “गाव अ म्हणजे कोणतं गाव? आणि हे मोह, ऐन, धावडा… झाडं येणार आहेत का साक्षीला?” लालसू मला हे सांगताना हसला. मी मात्र हसले नाही. साहेबांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

मी दुकानातूनच तुला फोन केला. यादी आठवून लिहून दे म्हटलं. तू म्हणालीस, “लिहून कशी देऊ? मी शब्द देल्ला आहे.” मी म्हटलं, अकरातले आठ मेले, त्यांना कसला शब्द? तू म्हणालीस, “आन् तीन जिवंत आहेत त्याइचं काय? ऐनाचं काय?” उत्तर नसलं की माझी जीभ किती वाईट चालते हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, “तुझा प्रबंध तुझ्या नोकरीच्या कामी आला. त्यांच्या काही कामाचा नाही. कपाटात सडू दे आता.” थोडा वेळ तुझ्याकडच्या पंख्याचा आवाज येत राहिला आणि मग फोन बंद झाला.

आठवड्यानं तुला ताप आला. मलेरिया डोक्यात गेला. चंद्रपूरला मी पोहोचले तेव्हा तू कोणालाच ओळखत नव्हतीस. तुझ्या कानाशी मी माडियात बोलले, मराठीत बोलले, आमच्या घरच्या हिंदीत बोलले. एकही भाषा तुझ्यापर्यंत गेली नाही. दुभाषी म्हणे मी.

तू गेल्यावर सातव्या दिवशी तुझा भाऊ तुझी शबनम घेऊन दुकानात आला. म्हणाला, “ताईनं तापात दोनदा तुमचं नाव घेतलं. यिच्यात काई तुमच्या कामाचं असन तर पहा.” पिशवीत अकरा कोरी संमतीपत्रं होती. नवीन झेरॉक्स. ‘माझे खरे नाव व माझे म्हणणे पुरावा म्हणून देण्यास माझी संमती आहे’, खाली नावाची ओळ, अंगठ्याची चौकट, आणि जे गेले त्यांच्यासाठी वारसाची ओळ. शाईचा पॅड, तोही नवा, वेष्टनातला. आणि एसटीची वेळ लिहिलेली चिठ्ठी. म्हणजे तू येणार होतीस. पुन्हा दारोदार बसून विचारणार होतीस. मी बोलले ते गिळून तू झेरॉक्स काढायला गेलीस आणि मला एक फोन केला नाहीस. एवढा कसला ताठा, कुंदा? एकदा म्हणायचं होतंस, की येऊन राह्यली. मी माफी मागितली असती. मागितली असती की नाही देव जाणे, पण निदान भांडले तरी असते.

गेल्या आठवड्यात ती पिशवी खांद्याला लावून मी गावात गेले. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, मांडवात दुपारी सगळे जमले, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. यादी नव्हती, आणि माझ्या आठवणीवर माझा भरवसा नव्हता. सहा वर्षं झाली, किती आवाज एकमेकांत मिसळून गेलेत. म्हणून मी एकच केलं. तुझा प्रबंध उघडला आणि एकेकाचं बोलणं मराठीतून परत माडियात करून मोठ्यानं वाचू लागले.

मोहाचं बोलणं अर्ध्यावर आलं असेल, एक सून तोंडाला पदर लावून उठली. “हे माह्या सासऱ्याचं बोलणं हाये. पोटात कळ आली का तो असाच बोले.” हिरड्याला त्याच्या नातवानं ओळखलं. धावडा वाचताना तर माणसं हसायलाच लागली, कारण इतकं खोटं बोलून मध्येच एक खरं सांगणारा माणूस त्या गावात एकच झाला होता. तेंदू आणि कुसुम तिथंच बसले होते, त्यांनी आपणच हात वर केले. तू वय बदललंस, घर बदललंस, नाव जाळलंस, पण त्यांचं बोलणं तू एका शब्दानं बदललं नव्हतंस. म्हणून त्यांच्या माणसांनी त्यांना ओळखलं. दहा संमतीपत्रं झाली. मी वाचत होते, रडत होते आणि मनात तुला शिव्या देत होते, कारण हे बघायला तू तिथं हवी होतीस.

राहिला ऐन. मी खुणा वाचू लागले. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कोणी म्हणालं माझा काका असेल, कोणी म्हणालं तो तर टेकडीपलीकडे कधी गेलाच नव्हता. मला माहीत होतं ऐन कोण आहे. मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी मान वर केली नाही.

लालसू माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “बाई, एखाद्या मेलेल्या मान्साचं नाव टाकून देऊ. माह्या काकाचं टाका. कोन पाहून राह्यलं? मी करतो ना वारस म्हणून सही.” कुंदा, तुला हे सांगायचंच आहे, म्हणून एवढं लिहिलं. मी पेनाचं टोपण काढलं होतं. तुझा शब्दही राहत होता आणि जंगलही. खोटं होतं ते फक्त एक नाव. तू मुळीच लिहिलं नसतंस. मी लिहिणार होते.

त्याआधी नुसता वेळ काढायला म्हणून मी पुढची खूण वाचली, आठवी, आणि पान उलटायला थांबले. तर बायकांच्या बाजूनं नववी खूण आली. मग दहावी. मग अकरावी. बसलेल्या जागेवरून, डोळे मिटून, हातानं हवेत एकेका दगडाला शिवत, एक म्हातारी बोलत होती. तिला भाऊ नव्हता. नवरा घरजावई म्हणून आलेला. सतरावी खूण झाल्यावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “बापाचा पाय सुजला होता. शीव फिरायच्या आदी खुना साफ कराचं काम त्याच्याकडं. पोरगा नाई. त्यानं माह्या डोक्याले मुंडासं बांधलं आन् मले गडी करून नेलं. तीनदा नेलं. हे बोलनं माहं हाये.”

गावचा गायता, म्हणजे देवाचं बघणारा म्हातारा, बराच वेळ जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. जिच्यासाठी तू यादी जाळलीस, तिला मी भर गावात उघडं पाडलं. मग ती गायत्याला म्हणाली, “दंड घे. कोंबडा घे, डुक्कर घे. पन आदी लिहून घे.” गायत्यानं विचारलं ते तिला नाही, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, “खुना बरोबर हायेत का?” तो म्हणाला, टेकडीवरची सातवी आणि आठवी मला ठाऊक आहे, त्या बरोबर आहेत. गायता म्हणाला, “मंग लिहा. दंडाचं मागून पाहू.”

मी अकरावं संमतीपत्र काढलं. तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला. तिनं विचारलं, “त्या बाईनं मले गडी काऊन केलं?” मी म्हटलं, तुला लपवायला. ती म्हणाली, “बापानंबी लपवलं. तिनंबी लपवलं. आता तू मले बाई कर.” मग इकडेतिकडे बघून विचारलं, ती कुठाय? मी सांगितलं. ती म्हणाली, “तिचं नाव काय होतं?”

कुंदा, त्या गावात तुझं नाव कोणालाच माहीत नव्हतं. दोन उन्हाळे तू त्यांच्यात राहिलीस आणि सगळे तुला ‘मॅडम’ म्हणत राहिले. मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं.

गुरुवारी सुनावणीला तिला ट्रॅक्टरनं नाक्यापर्यंत आणि तिथून बसनं न्यायचं आहे. तिला खोकला आहे, आणि बसमध्ये ती आयुष्यात दोनदाच बसली आहे. प्रबंधात पुरुष आणि समोर बाई कशी, असं साहेब विचारतील. नियमावर नियम काढतील. त्यांना उत्तर देणारी तू होतीस, मला फक्त बोलणं इकडचं तिकडे करता येतं. दावा गेला तर टेकडीपलीकडचं जंगल जाईल, आणि गावात तिची लाज गेली तीही फुकट जाईल. मला भीती वाटते, कुंदा. अठरा दिवसांत मी तुझा नंबर रोज लावला आहे.

मी तुला बोलले ते वाक्य मी परत घेते. उशिरा घेते, ऐकायला तू नाहीस, तरी घेते.

त्या म्हातारीसमोर बसून मी हे सगळं तिला माडियात वाचून दाखवलं आणि विचारलं, छापायचं का? ती म्हणाली, छाप, पण झाडाचं नाव नको. तेव्हा तुझ्या विभागाच्या बाईंना सांगून ठेवते, प्रबंधाच्या त्या पानावर एक दुरुस्ती करून घ्या. ऐन नाही, पुरुष नाही. बाई, नाव वंजे जुरू गोटा.